मोहगावकरांची पाटी

आजी पहाटे मोहाची फुलं वेचायला जायची. टोपली भरली तरच दुपारी चूल पेटायची. तिच्या थोरल्या मुलाचं, म्हणजे माझ्या मोठेबाबांचं, नाव शाळेत घालताना आडनावाच्या रकान्यापाशी गुरुजी अडले. आजीला काही सांगता येईना. शेवटी गुरुजींनीच गावावरून लावून दिलं, मोहगावकर. मागच्या महिन्यात मोठेबाबा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी गोंदियात वर्गावर होते. आधी रडू आलं नाही, राग आला. घराची एक पाटी अर्धी राहिली होती, आणि ती माझ्यामुळे राहिली होती.

मोठेबाबा नागझिऱ्याच्या अभयारण्यात गाईड होते. एकदा फोरेस्टिए आडनावाची फ्रेंच बाई त्यांच्या गाडीत होती. तिने दुभाष्याकरवी सांगितलं, की या नावाचा अर्थ रान राखणारा. तिच्या पूर्वजांपैकी कोणी ते काम करत असणार. तिच्या अंगठीवर घराण्याची ढाल कोरलेली होती, त्यात एक झाड आणि शिकारीच्या वेळी फुंकायचं शिंग. "राजे होते का तुमचे?" मोठेबाबांनी विचारलं. ती हसली. तिकडे शेतकरी, कारागीरही अशी चिन्हं लावत, म्हणाली.

झालं. घरी येऊन म्हणाले, "रान तेबी राखत, मीबी राखतो. मंग आपली ढाल काऊन नाही?" सागाच्या फळीवर त्यांनी मोहाचं झाड रंगवलं, खाली पेन्सिलीने टोपली काढली. मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, भडकली, "दारावर मोह? लोक दारू मागाले येतीन." मलाही ते रुचलं नाही. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. म्हटलं, "टोपली नको, पुस्तक काढा."

"पुस्तक तू आणलं. त्याच्या आंधी आपुन कायच्या भरोशावर जगलो?"

"तेच लोकांना दाखवत बसायचं का?"

त्यांनी ब्रश डब्यात ठेवला. "तूच ठरव मंग. शिकली त तू हायेस."

दर सुटीत विचारायचे, "ठरलं का, मॅडम?" मी म्हणायची, पुढच्या वेळी. फळी खाटेखाली गेली. गाडीत मोठ्याने बोलणाऱ्या भल्याभल्या साहेबांना गप्प बसवणारा हा माणूस, माझंच कशाला ऐकत बसला? आडनाव मी सगळीकडे ताठ मानेने सांगते. त्या नावाच्या माणसांना जगवणारी टोपली तेवढी मला दारावर नको होती... याची चिडचिड अजून जात नाही.

विहारातला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर मी फळी बाहेर काढली. पेन्सिलीच्या रेघा पुसट झाल्या होत्या, पण दिसत होत्या. त्यांच्यावरूनच टोपली रंगवली. एक काठ वाकडा आला. मोठीआई खिळे घेऊन उभी होती. "आता दारू मागाले आले लोक, त तूच बोल त्यांच्यासंग," ती म्हणाली.

पाटी दारावर लागली आहे. वर झाड, खाली टोपली, त्याखाली मोहगावकर.