दीपमालेच्या लग्नाचा फोटोग्राफर

अलीकडच्या लग्नांत निमंत्रितांना वधूवर दिसत नाहीत, याबद्दल तक्रार करावी तरी कोणाकडे? पत्रिकेत अगत्याचे आमंत्रण असते, माणूस इस्त्रीचे कपडे घालून उन्हातान्हाचा मांडवात पोहोचतो, आणि समोर दिसतात त्या काळ्या टी-शर्टातल्या पाठी. त्या पाठींच्या पलीकडे कोणी कोणाला हार घालत असावे, असा केवळ तर्क करायचा. मुहूर्त टळतो आणि पंगतीतला भात निवतो, पण कॅमेऱ्याचे समाधान होत नाही. त्याआधी वधूवरांनी राजगडाच्या पायथ्याशी, पालीच्या माळावर, पायघोळ झगा आणि भाड्याचा कोट घालून एकमेकांच्या मागे धावून घेतलेले असते. ते धावणे मांडवातल्या पडद्यावर दाखवतात आणि वडीलधारी माणसे पत्रिका पुन्हा वाचत बसतात.

भोर-वेल्ह्याच्या मुलखात या बेबंदशाहीला एक अपवाद आहे. भोरच्या एसटी स्टँडामागच्या गल्लीत दीपमालेचा लहानसा स्टुडिओ आहे, आणि तिने काढलेल्या लग्नांविषयी तक्रार करायला कुठेही जागा सापडत नाही.

दीपमाला उत्रोलीच्या दादूंची थोरली लेक. दादू भातशेती करतात. आई फुलाबाई घर आणि गावची निम्मी भांडणे सांभाळते. कॉलेज संपल्यावर दीपमालेला मनासारखी नोकरी मिळाली नाही, म्हणून ती भोरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात पासपोर्ट फोटो काढू लागली. एकदा वेल्ह्याकडच्या एका लग्नात ठरलेला फोटोग्राफर ऐनवेळी उगवलाच नाही. नवरीच्या मामाने दुकानासमोर टेम्पो उभा केला आणि दिसली ती फोटोवाली कॅमेऱ्यासकट उचलून नेली. ती खुर्चीवर चढली तेव्हा मांडवात कुजबुज झाली. पण हळदीच्या खोलीत, जिथे पुरुष फोटोग्राफरला उंबऱ्यावर ताटकळावे लागते, तिथे बायकांनी तिला हाताला धरून आत ओढले. त्या खोलीतले फोटो गावभर फिरले आणि झेरॉक्सचे दुकान सुटले.

पुढची वाट सोपी होती असे नाही. मांडवात शिरताना तिचे आडनाव विचारून देवघराच्या दारात तिला थांबवणारी सुशिक्षित घरेही या तालुक्यांत आहेत, हे लिहिताना लाज वाटली तरी लिहिले पाहिजे. दीपमाला अशा दारात भांडत बसली नाही आणि परत त्या घरी गेलीही नाही. त्यांतल्या काहींनी पुढे धाकट्या लेकींच्या लग्नासाठी तिच्याकडे खेटे घातले. तिने शांतपणे सांगितले, "त्या तारखेला मी मोकळी न्हाई."

तिची कामाची रीत साधी आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी ती त्या घरी जाऊन चहा घेते आणि दोनच गोष्टी विचारते: घरात कोण रुसले आहे आणि कोण थकले आहे. जो रुसला असेल त्याचा फोटो सर्वांत आधी काढायचा. जो थकला असेल त्याला उभे करायचे नाही, आपण त्याच्याकडे जायचे. व्यासपीठावर ती चढत नाही. पाहुण्यांच्या पहिल्या ओळीपुढे जमिनीवर बसून फोटो काढते, म्हणजे तिच्या डोक्यावरून सगळ्यांना दिसते. एवढी साधी गोष्ट बाकीच्यांना का सुचू नये, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. सुचले तरी त्यांना खाली बसायचे नाही.

अशा दीपमालेचे लग्न पस्तिशीच्या उंबरठ्यावर ठरले. मुलगा प्रशिक, वेल्ह्याच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवणारा, हसतमुख आणि चिकाटीचा. तारीख भातकापणीनंतरची धरली. कपडे, जेवण, मांडव, सगळे एका बैठकीत मिटले. अडले ते फोटोग्राफरपाशी.

"मी सेल्फी काढतो की," प्रशिक म्हणाला. "हात लांब हाय माझा."

"चेष्टा नको," दीपमाला म्हणाली. "आबा आणि मी असा एक फोटो मला पाहिजे. बाकी काही नाही आलं तरी चालेल."

यात चेष्टेचे खरोखर काही नव्हते. आबा म्हणजे दादू, एरवी बोलका, खोडकर माणूस. बांधावर बसून नकला करतील, बैलाशी गप्पा मारतील. पण समोर कॅमेरा आला, की त्यांची मान ताठ, डोळे वटारलेले आणि ओठ घट्ट मिटलेले. फौजदाराने चौकीत बोलावून उभे करावे तसे ते उभे राहतात. फुलाबाई त्यांच्या शेजारी पदर सावरून झकास हसते आणि म्हणते, "तुज्या बापाला फोटूत घेतलं की मागचा खांबबी देखणा दिसतोय." दीपमालेने परक्यांच्या बापांना फोटोत हसवले, रडवले, पण स्वतःच्या बापापुढे तिची सगळी विद्या हरली. त्यातून कॅमेरा तिच्याच हातात, त्यामुळे बापलेक एकत्र असलेला आणि बाप बापासारखा दिसणारा फोटो त्या घरात नव्हताच. लग्नाच्या दिवशी कॅमेरा दुसऱ्याच्या हातात असेल. ही संधी पुन्हा येणार नव्हती.

तिने निवड सुरू केली ती तिच्या पद्धतीने. निवडक फोटोंचा चकचकीत अल्बम कोणीही दाखवतो; दीपमाला मात्र म्हणाली, "एकच लग्न दाखवा, पण सगळं. पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत, गाळल्याशिवाय." एवढ्यावर कितीतरी जण गळाले. जे उरले त्यांना तिने भातलावणीच्या दिवसांत उत्रोलीला बोलावले. लावणीच्या दिवसांत लग्ने नसतात आणि फोटोवाले रिकामे असतात. काम एवढेच सांगितले: माझ्या वडिलांचा फोटो काढून दाखवा.

पहिला पुण्याहून आला, दाढी कोरलेला. म्हणाला, "काका, एकदम नॅचरल राहा."

दादूंनी लेकीकडे पाहिले. "म्हंजी कसं उभं ऱ्हाऊ?"

"म्हणजे कॅमेरा नाहीच असं समजा."

"मंग तुमी कशापायी आलासा?"

तो गेला. दुसरे आले वेल्ह्याचे चिमाजी, जुने, सालस, फिल्मच्या काळापासूनचे. त्यांनी दादूंना खुर्चीवर बसवले, हात गुडघ्यावर ठेवायला लावले. दोघांचे उत्तम जमले. फोटो इतका ठीकठाक आला, की आधार कार्डावर लावता आला असता.

मग प्रशिकने इंद्रजितचे नाव काढले आणि दीपमालेचे डोके फिरले.

इंद्रजित भोरचाच, तिच्याहून बराच धाकटा, ड्रोनवाला म्हणून प्रसिद्ध. वर ज्या काळ्या पाठींची तक्रार केली, त्यांतली सर्वांत रुंद पाठ त्याची. पालीच्या एका लग्नात त्याचा ड्रोन इतका खाली आला होता, की अक्षता उडून भटजींच्या डोळ्यांत गेल्या, आणि दीपमालेने भर मांडवात ओरडून त्याला ते पाखरू आवरायला सांगितले होते. तेव्हापासून दोघांत बोलणे नव्हते.

"त्याचं एक लग्न बघायला काय जातंय?" प्रशिक म्हणाला.

तिने नाइलाजाने पाहिले. निम्मे लग्न आकाशातून, उरलेले संथ गतीने. मांडवाचे पत्रे, गाड्यांचे टप आणि पुन्हा मांडवाचे पत्रे. ती बंदच करणार होती. तेवढ्यात मधेच, कोणी न सांगता काढलेला एक फोटो आला: नवरीचा भाऊ मांडवामागे एकटाच उकिडवा बसून पाहुण्यांच्या चपला जोडीने लावत होता आणि त्याचा चेहरा कोणी पाहू नये असा झाला होता. दीपमाला त्या फोटोवर बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "बोलव त्याला. पण ते पाखरू नको म्हणावं."

इंद्रजित पाखरासकट आला. पावसाने उघडीप दिली होती, खाचरात बायका ओणव्याने रोपे लावत होत्या, आणि दादू नुसत्या चड्डीवर आव्याच्या, म्हणजे रोपांच्या, पेंड्या फेकत होते.

"नमस्ते, आप्पा. तुमचं रान वरनं दावू का?"

"दाव की. माजं हाय तेवडंच दाव, शेजाऱ्याचं नगं. तंटा हाय."

ड्रोन उडाला. बायका वर बघू लागल्या. दादूंनी वर पाहिले आणि सवयीने मान ताठ केली. दीपमालेने कपाळाला हात लावला. इतक्यात नीरा नदीकडून आलेल्या एका घारीला आपल्या हद्दीतला हा आगंतुक खपला नाही. तिने झडप घातली. ड्रोन भेलकांडला, गिरकी घेऊन सरळ खाचराच्या मध्यभागी चिखलात रुतला, आणि चिखलाचा सपकारा फुलाबाईच्या तोंडावर बसला.

"अगं आयव!" दादू ओरडले. "हिला हळद लागली!"

साऱ्या बायका खिदळल्या. दादू फतफत करत चिखलातून गेले, खेकडा धरावा तसा ड्रोन दोन बोटांनी मागच्या बाजूने उचलून धरला आणि म्हणाले, "चावतंय का रं ह्ये? चुलीवर घालू का?" मग ते स्वतःच असे हसले, की पोट धरून खाली वाकले आणि ड्रोन पुन्हा चिखलात पडला.

दीपमालेने इंद्रजितकडे पाहिले. तिला वाटले होते, तो धावत खाचरात उतरला असेल. इतकी महागाची वस्तू डोळ्यांदेखत चिखलात जात होती. पण तो बांधावर गुडघा टेकून बसला होता आणि कॅमेरा डोळ्याला लावून दादूंचे फोटो काढत होता.

"अरे, ड्रोन बुडतोय तुझा!"

"बुडू द्या. ताई, बाजूला व्हा जरा. उजेड अडवताय."

आयुष्यभर हे वाक्य दुसऱ्यांना ऐकवलेली दीपमाला निमूट बाजूला झाली. संध्याकाळी तिने ते फोटो पाहिले आणि प्रशिकला फोन करून एवढेच सांगितले, "ठरलं." दादूंनी मात्र फोटो पाहून बजावले, "चड्डीतला ह्यो फोटू कुणाला दावशील तर बघ."

लग्न बुद्धविहारापुढच्या मांडवात लागले. इंद्रजितला दीपमालेने आधीच बजावले होते: वधूवर आणि बुद्धमूर्ती यांच्या मधे कोणी उभे राहायचे नाही, आणि त्रिशरण-पंचशील चालू असताना फ्लॅश मारायचा नाही. त्याने ऐकले. त्या दिवशी निमंत्रितांना व्यासपीठ थेट दिसत होते. फुले उधळली गेली, वधूवरांनी प्रतिज्ञा घेतल्या. पांढऱ्या साडीत दीपमाला देखणी दिसत होती, पण सवय जात नव्हती. मधेच मान वळवून ती मांडवाच्या कडेने येणारा उजेड पाहायची.

"ताई, खाली बघा. आज तुमी नवरी हाय," इंद्रजित पुटपुटला.

मग दादूंना वर बोलावले. नवा सदरा, टोपी, आणि कॅमेरा दिसताच ताठ मान. इंद्रजितने वाट पाहिली, उगाच कॅमेऱ्याचा पट्टा सोडवण्याचे नाटक केले, दुसरीकडेच कॅमेरा रोखला. दादू हलेनात. दीपमालेने त्यांचा हात हातात घेतला, तर तोही लाकडासारखा. तिचे डोळे भरून आले. सगळे फोटो येतील, हवा तो येणार नाही, हे तिला व्यासपीठावर उभ्याउभ्याच कळून चुकले.

इंद्रजित फुलाबाईपाशी गेला आणि हळूच म्हणाला, "मावशी, आप्पांना वाढायला धाडा. ते काम करत्यात तवा कॅमेरा इसरत्यात."

फुलाबाईने बुंदीची बादली नवऱ्याच्या हातात दिली. ते पाहून दीपमालेचे चुलते सोनबा चवताळले. "नवरीचा बाप वाढप्या व्हय? लोकं काय म्हणतील? त्यानं पाव्हण्यांत बसायचं!"

"बसून काय करत्यात ते?" फुलाबाई म्हणाली. "खांबावानी बसत्यात. खांब हायेत मांडवाला."

दादूंनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या. बादली हातात येताच त्यांचे खांदे खाली आले, जीभ सुटली. "घ्या पाव्हणं, लाजू नगा. अवो, तुमी तर ताट झाकून बसलाय, कुणी काडून नेतंय का काय?" असे करत करत ते पंगतीच्या टोकाला, प्रशिक आणि दीपमाला बसली होती तिथे आले. लेकीच्या ताटात त्यांनी एक डाव वाढला, दुसरा वाढला.

"आबा, बास! किती?"

"खा गं. समद्या मुलकाची लग्नं केलीस, सगळ्यांच्या मागनं जेवलीस. गार भात खाऊन आलीस घरी. आज पैल्यांदा लग्नात ऊन ऊन जेवतीयास." त्यांनी तिसरा डाव उचलला आणि मधेच थांबले. आवाज जरा बदलला. "मला काय कळत नव्हतं व्हय?"

दीपमालेने मान वर केली. तिचा घास तोंडातच राहिला. दादूंच्या डोळ्यांत पाणी होते आणि तोंडभर हसू होते. बादली एका हातात तिरकी झाली होती, बुंदी प्रशिकच्या पांढऱ्या पायजम्यावर सांडत होती, आणि प्रशिक ती तशीच सांडू देत होता.

"बघत काय बसलीस? जेव," दादू म्हणाले. "निवंल."

ती जेवू लागली. इंद्रजित त्या वेळी कुठे होता, हे तिला ठाऊक नव्हते. मान वळवून पाहावे, असेही तिला वाटले नाही.