जेवल्यावर शिक्षा

शिक्षा करायचं काम देवाने इतक्या चुकीच्या माणसाच्या हाती दुसरीकडे कुठेही दिलं नसेल. तंजावुरातल्या आमच्या कॅथलिक शाळेत शिस्तीचं खातं माझ्या मामांकडे होतं. मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. सकाळी संध्या आटोपायची, कपाळावरचं गोपीचंदन ओल्या पंच्याने पुसायचं, सायकलीला वेताची छडी बांधायची आणि फादर लोकांच्या शाळेत हजर व्हायचं. ती छडी कुणाच्या अंगाला लागल्याचं कधी ऐकिवात आलं नाही. तिने आवारातली शेळी हाकलली, आंब्यात अडकलेले चेंडू पाडले आणि एकदा फादर प्रिन्सिपलांचा चष्मा कपाटामागून ओढून काढला. शाळा तिला भीत होती ती केवळ वर्षानुवर्षांच्या सवयीने.

शाळेची एक छापील नियमावली होती. आधी समज, मग इम्पोझिशन, म्हणजे एकच वाक्य शंभरदा लिहायचं, मग आईबापांना बोलावणं, मग काही दिवस घरी बसवणं, आणि सगळ्यांच्या शेवटी टी.सी., म्हणजे शाळेतून नावच काढून टाकणं. मामांना ती तोंडपाठ होती. पण तिच्यावर त्यांचा स्वतःचा एक नियम होता, की उपाशी पोराला शिक्षा करायची नाही. त्यांचे पणजोबा ओरत्तनाड्याच्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, कारकून होते. वाटसरू आला की तिथे आधी पान मांडायचं आणि मग नाव-गाव विचारायचं, अशी रीत. तीच रीत मामा स्टाफरूमबाहेरच्या बाकावर चालवत. कुणी काच फोडून आला की पहिला प्रश्न, "जेवलास कां?" मान नकारार्थी हलली की जेवणाचा कॅरियर उघडायचा आणि मामींच्या हातचा दहीभात गुन्हेगारापुढे सरकवायचा. बुधवारी डब्यात उडदाचं पीठ दह्यात कालवून केलेली डांगर पच्चडी असे, त्यामुळे बुधवारी शाळेतली शिस्त फार बिघडे. एकाने तर न फुटलेली काच फोडल्याची कबुली दिली. मामांनी त्याला पोटभर खाऊ घातलं, मग जाऊन खिडकी पाहिली आणि खोटं बोलल्याबद्दल पन्नास ओळी लिहायला दिल्या. तो लिहीत असता स्वतःही शेजारी बसून पन्नास ओळी लिहिल्या. "हात किती दुखतो तें आपल्याला ठाऊक नको?" असं त्यांचं म्हणणं. मोठ्याने ओरडायचं ते तमिळमध्ये, आणि आम्हां मराठी घरांतल्या पोरांना मात्र बाजूला घेऊन हळूच मराठीत, म्हणजे बाकीच्यांना कळायला नको.

मी दहावीत होतो त्या वर्षी आमच्या गल्लीत केबल टीव्ही आला. क्रिकेटची मॅच चालू होती आणि शाळा सुटायला चार वाजणार होते. मी शेवटची घंटा अडीचलाच दिली. बघता बघता शाळा रिकामी झाली. दोन मास्तरसुद्धा स्कूटरवर बसून निघून गेले. मला घरी सहा ओव्हर बघायला मिळाल्या, मग वीज गेली.

दुसऱ्या दिवशी फादर प्रिन्सिपलांनी एकच शब्द उच्चारला, टी.सी. बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. अशा वेळी दुसरी शाळा घेणार नाही, म्हणजे माझं वर्ष गेल्यातच जमा. आई रडून रडून थकली. कागद तयार झाला, त्यावर फक्त मामांची सही राहिली होती. तेव्हा मला त्यांचा नियम आठवला आणि मी जेवायचं सोडलं.

"जेवलास कां?" बाकावर मामांनी विचारलं.

"नाही, मामा. भूक नाही."

त्यांनी उघडलेला डबा पुन्हा लावला आणि आत जाऊन सांगितलं, "फादर, पोर उपाशी आहे." फादरांना हा नियम जुना माहीत. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "मग उद्या, सार." दुसऱ्या दिवशीही तेच झालं. आईने दिलेलं ताक मी जेवणात धरलं नव्हतं. मी स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

त्या संध्याकाळी मामी आमच्याकडे आल्या. "तुझे मामा कालपासून पानावर बसले नाहींत," त्या म्हणाल्या. "पोर उपाशी आहे, मीं कसा जेवूं म्हणतात. शुगर आहे, बाबा, त्यांना." मी निर्लज्ज होतो, पण इतका नव्हतो. तिसऱ्या सकाळी बाकावर बसून मी स्वतःच मामांचा डबा उघडला आणि शितन्‌शीत संपवलं.

"जेवलों, मामा. आता सही करा."

मामांनी डबा धुऊन ठेवला, कागद उचलला आणि ते फादरांच्या खोलीत गेले. दार बराच वेळ लागलेलं होतं. बाहेर आले तेव्हा टी.सी. रद्द झाला होता. परीक्षेपर्यंत रोज सगळ्यांच्या आधी येऊन शाळेची घंटा मीच द्यायची, तीही मिनिटाचा फरक न करता, अशी शिक्षा ठरली. मी ती आनंदाने भोगली आणि चांगल्या मार्कांनी पास झालो.

पुढे नोकरीसाठी पुण्याला आलो, देवनागरी वाचायला शिकलो, आणि ही गोष्ट सांगून मित्रांकडून वाहवा मिळवू लागलो. एका सुट्टीत मामांनाही सांगितलं, "वर्ष जाणार हे माहीत असून तुमच्यासाठी जेवलो मी."

मामा तोवर निवृत्त झाले होते. ते पोट धरून हसले. "अरे, तूं जेवला नसतास तर किती बरं होतं. फादरचा राग उतरत आला होता. आणखी दोन दिवस याला भूक लागूं नको म्हणून मीं देवाला सांगत होतों. तूं डबा उघडलास आणि माझा धीरच गेला."

"मग आत काय बोललात?"

स्वयंपाकघरातून मामी म्हणाल्या, "काय बोलणार? फादरच्या पायांवर पडले. दोन दिवसांचे उपाशी, परत उठतां येईना. फादरनींच धरून उठवलं."

"चक्कर आली होती मला," मामा म्हणाले, "आणखी कांहीं नाहीं."

मला लाज वाटली, आणि ती लपवावीशीही वाटली नाही. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांनी उभ्या जन्मात कुणापुढे काही मागितल्याचं मला माहीत नाही. एकदाच मागितलं, ते माझ्यासाठी, आणि तेही मी घाईने जेवलो म्हणून.