सोमवार-गुरुवारची शहाणी गाडी

कमळ म्हात्रेची गाडी सोमवारी आणि गुरुवारी सुतासारखी सरळ चालायची. बाकीच्या दिवशी अंजूरफाटा मागे पडला की आचके द्यायची, दोनदा खोकायची आणि भर रस्त्यात बसकण मारायची. मागचे कंटेनरवाले हॉर्न मारून कान किटवायचे, रिक्षावाले तोंडाला येईल ते बोलत बाजूने निघायचे आणि कमळ खिडकीतून अर्धी बाहेर येऊन त्यांना वरताण उत्तर द्यायची. दहा मिनिटं गेली की गाडी आपली सुरू. काही झालंच नाही असा आव आणून. आठ महिने हा तमाशा चालला होता.

गाडी म्हणजे जुनी, पांढरी, पेट्रोलवर चालणारी व्हॅन. भिवंडीच्या कामतघर आणि धामणकर नाक्यावरून सहा बाया गोळा करायच्या, पूर्णा गावच्या गोदामात सोडायच्या आणि संध्याकाळी परत आणायच्या, हे कमळचं काम. गोदामाचं गेट आठला बंद. आठ वाजून पाच मिनिटांनी पोचलेल्या बाईचा अर्धा दिवस बुडाला. आत वातानुकूलित खोलीत बसलेल्यांना रस्त्यात गाडी बंद पडते म्हणजे काय, हे ठाऊक असायचं कारण नाही.

ज्या जमिनीवर ते गोदाम उभं आहे तिथे एकेकाळी कमळच्या बापाचं भात पिकायचं. जमीन गेली तेव्हा भाऊ कागद घेऊन बहिणीच्या दारी आले. साडी आणली होती, मिठाई आणली होती. "सही कर बाय," म्हणाले. कमळने साडी उलटसुलट करून पाहिली आणि परत पिशवीत घातली. "सही करते. पण साडीवर न्हाय. मना गाडी पायजे." भाऊ हसले, भावजया हसल्या, नवरा पंढरीसुद्धा हसला. चव्वेचाळीस वर्षांची बाई गाडी काय करणार? कमळ हसली नाही. गाडी दारात आली तेव्हा तिने पेन मागितलं, आणि दोन महिन्यांत लायसन काढून दाखवलं. बहीण असून हक्काचं काही वाट्याला आलेली त्या घराण्यातली ती पहिली बाई. म्हणून ती गाडी नुसती गाडी नव्हती.

आणि आता पंढरी ती विकायला निघाला होता.

"रविवारी गिऱ्हाईक येतंय," बुधवारी जेवताना तो म्हणाला. "तोवर नीट झाली तर ठेव. न्हाय झाली तर मुकाट्याने चावी दे. लोक मना नाक्यावर विचारतात, तुझी बायको गाडी चालवते का गाडीला धक्का मारते."

"लोकांना सांगा, दोन्ही करते," कमळ म्हणाली. पण पुढची भाकरी तिने परत टोपल्यात टाकली.

प्रयत्नात तिने कसूर केली नव्हती. पहिल्या मेकॅनिकने प्लग बदलले. दुसऱ्याने बॅटरी. तिसऱ्याने पेट्रोलचा पंप बदलला आणि वर सल्ला दिला, "काकू, क्लचवरचा पाय काढत जा." चौथा मोठ्या गॅरेजवाला होता, त्याने गाडी तीन तास इस्त्रीच्या कपड्यातल्या माणसांकडून तपासून घेतली आणि म्हणाला, "गाडीत काहीच नाही." म्हणजे जे काही आहे ते बाईत आहे, असं त्याने तोंडाने म्हटलं नाही, डोळ्यांनी म्हटलं. चौघांच्याही दारात गाडी उभ्या उभ्या गुरगुरायची, गल्लीतून एक चक्कर मारून गुणी लेकरासारखी परत यायची. कमळ सांगू लागली की अर्ध्या वाक्यावर ते पाना उचलायचे. पुरुषाने "आवाज येतोय" म्हटलं की चार जण बॉनेटमध्ये डोकं घालतात. बाईने पत्ता, वेळ आणि वार सांगितला तरी तिला चहा विचारतात.

कमळने चौघांचा उद्धार केला होता. तोही साधासुधा नाही, अख्ख्या नाक्याला ऐकू जाईल असा.

सोमवार-गुरुवारचं कोडं गाडीतल्या बायांनी आपल्या परीने सोडवलं होतं. सगळ्यात वडील आक्का, तिचं म्हणणं होतं की गाडी उपास धरते. "सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा. त्या दिवशी ती पापभिरू असते गो. बाकीच्या वारी तिच्या अंगात येतं." बायांनी वर्गणी काढून लिंबू-मिरची बांधली, नारळ फोडला. मंगळवारी गाडी फाट्यापुढे बंद पडली. आक्का म्हणाली, "नारळ नासका निघाला असंल."

शुक्रवारी सकाळी सव्वासहाला कमळने धामणकर नाक्याजवळच्या गल्लीत गाडी उभी केली आणि मनोजच्या पत्र्याच्या शटरवर मूठ आपटली. मनोज हा पाचवा मेकॅनिक. एकटा, चाळिशीचा, टपरीएवढ्या गॅरेजचा मालक.

शटर अर्धं वर गेलं. आतून टूथब्रश तोंडात धरलेला मनोज वाकून बघत होता.

"ताई, आठला उघडतो."

"आठला माझं गेट बंद होतं. गाडीत बस."

"गाडी सोडून जा, दुपारी बघतो."

"सोडणार न्हाय. चार जणांकडे सोडली. तुमच्या दारात तिला काही होत न्हाय, तिला रस्त्यात होतं. दाताचं दुखणं दाताच्या डॉक्टरला फोनवर दाखवतोस का? बस पुढे."

मनोजने तोंड धुतलं, खिशात दोन पाने टाकले आणि बसला. नाही म्हटलं तर ही बाई शटर खाली ओढून त्याला आतच कोंडेल, असं तिच्या डोळ्यांत त्याला दिसलं असावं.

सहा बाया चढल्या. पुढच्या सीटवर बाप्या माणूस बघून गाडीत आनंदीआनंद झाला.

"कमळताई, नवा क्लीनर ठेवलास?" मागून मैना ओरडली. मैनेचं तोंड कामतघरच्या लूमवर, यंत्रमागावर, तयार झालेलं. तिथे खडखडाटात बोलायचं तर गळाच ताणावा लागतो, आणि लूम सुटला तरी आवाज तिचा खाली उतरला नव्हता.

"क्लीनर न्हाय, डॉक्टर हाय," कमळ म्हणाली. "आज पेशंटबरोबर वॉर्डात राहणार."

"लग्न झालंय का डॉक्टरांचं?" आक्काने विचारलं.

"दोन पोरी आहेत, मावशी."

"मग बायांचं ऐकायची सवय असंल. बरं झालं."

मनोज लाजून बॉनेटच्या आवाजाकडे कान देऊन बसला. इंजिन घड्याळासारखं चाललं होतं. तो दोनदा "काहीच नाही हो ताई" म्हणाला आणि दोन्ही वेळा सहा जणींनी एका सुरात "थांब जरा" म्हटलं.

अंजूरफाटा मागे पडला. कंटेनरच्या रांगेशेजारून गाडी सरकत होती. कमळ स्टेअरिंगशी बोलत असल्यासारखी पुटपुटली, "हो आता. आज लाज राख माझी. बंद पड."

गाडीने आचका दिला. दोनदा खोकली. बसली.

"पडली!" सगळ्या बायांनी टाळ्या पिटल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या गाडीचं बंद पडणं कुणाला एवढं गोड लागलं होतं.

मनोज उतरला. त्याने वायरी पाहिल्या, इंजिनाकडे येणारी पेट्रोलची नळी सोडली. नळीतून पेट्रोल आलं नाही. टाकीत मात्र होतं, काटा पाव टाकी दाखवत होता. तो डोकं खाजवत उभा राहिला. मग त्याने अशी गोष्ट केली जी आधीच्या चौघांपैकी एकानेही केली नव्हती. तो खिडकीशी आला आणि म्हणाला, "ताई, अगदी पहिल्यापासून सांगा. कधी पडते, कधी नाही पडत?"

कमळने सांगितलं. तो मधे बोलला नाही.

"सोमवार-गुरुवारी तुम्ही वेगळं काय करता?"

"साबुदाणा खातो," आक्का म्हणाली.

"गाडीचं विचारतोय, मावशी."

"पंपावर थांबतो ना," मैना म्हणाली. "नाका सोडला की पंप लागतो तिथे. सोमवारी आणि गुरुवारी कमळताई पेट्रोल भरते. आमी तिथे पाय मोकळे करतो."

"त्याचा काय संबंध?" कमळ उखडली. "पेट्रोल बाकीच्या दिवशी पण असतं टाकीत. आताच बघितलंस ना काटा?"

पण मनोज ऐकत नव्हता. तो गाडीच्या कडेला गेला, चावी मागून घेतली आणि टाकीचं झाकण फिरवलं.

सूऽऽऽस.

हवा आत ओढली गेल्याचा असा लांब आवाज आला की मागच्या रिक्षावाल्यानेही मान वळवली. मनोजने झाकण हातात धरूनच चावी परत दिली आणि सांगितलं, "नळी जोडली आहे. स्टार्टर मारा."

गाडी थोडी घरघरली आणि सुरू झाली. दहा मिनिटं नाही, एक मिनिटही थांबावं लागलं नाही.

"टाकीचा श्वास कोंडतोय," मनोज म्हणाला. "पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. नाही आली तर टाकी पेट्रोल सोडतच नाही. डब्याला एकच भोक पाडलं तर तेल कसं अडून राहतं, तसं. गल्लीतल्या चकरेला पेट्रोल लागतंच कितीसं, म्हणून गॅरेजात कधी पडली नाही. आणि सोमवार-गुरुवारी पंपवाला मधेच झाकण उघडतो. तेवढ्यात ती श्वास घेते आणि पुढे पूर्ण्यापर्यंत पोचते."

"म्हणजे उपास न्हाय?" आक्का हिरमुसली.

मनोज रस्त्याच्या कडेला पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. जरा वेळाने त्याचा हात बाहेर आला. हातात एक काळीकुट्ट, मुठीत मावेल एवढी गाठ होती. कापडाची, सुताने घट्ट आवळलेली.

"हवेच्या नळीचं तोंडच बांधून टाकलंय कोणी गाढवाने!" गाडीखालून आवाज आला. "कुठल्या मेकॅनिकचं काम हे?"

कमळने गाठ पाहिली आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दोन वेढे, एक उलटा पीळ, वर सरकफास. भिवंडीत ही गाठ मारणारे हजारो असतील, पण त्या व्हॅनखाली ती मारणारी एकच होती.

सासऱ्याच्या बारा लूमच्या शेडमध्ये तिने वीस वर्षं काढली होती. तिथे रुई उडते. पापण्यांवर, केसांत, भाकरीत, मोटारीत. सासऱ्याचा एकच धाक असायचा, उघडं तोंड दिसलं की चिंधी बांध. मोटारीला बांध, तेलाच्या कुपीला बांध, माठाला बांध. शेड बंद होऊन गेली, तरी कमळच्या घरात आजही लोणच्याच्या बरणीपासून कुकरच्या शिट्टीपर्यंत सगळ्यांना चिंधी असते. व्हॅन उभी राहते ती शेजारच्या चालू शेडच्या भिंतीला लागून. दर रविवारी कमळ ती स्वतः धुते, खाली वाकून. आठ महिन्यांपूर्वी एका रविवारी तिला एका बारक्या नळीचं उघडं तोंड दिसलं होतं आणि त्याच्या काठावर पांढरी रुई. पुढचं हाताने आपोआप केलं. डोक्याला विचारलंसुद्धा नाही.

गप्प बसणं सोपं होतं. मनोजने दोष आधीच कुणा मेकॅनिकवर टाकला होता. चौघांपैकी कुणाचंही नाव घेतलं असतं तरी खपलं असतं, आणि पंढरीला हे कळलं तर तो मरेपर्यंत चिडवणार, हेही तिला दिसत होतं. कमळने एकदा गाठीकडे पाहिलं, एकदा गाडीखालून निघालेल्या, पाठ मळलेल्या माणसाकडे. या माणसाने तिचं पूर्ण ऐकून घेतलं होतं.

"ते गाढव मीच," ती म्हणाली.

 मग मैना अशी हसली की सीटवरून खालीच घसरली. आक्काच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आमी महादेवाला नारळ फोडला गो," ती कशीबशी म्हणाली, "आनी चिंधी तुझी!" मनोज हसू दाबत रस्त्याकडे बघत होता, आणि ते दाबता येईना तेव्हा टायरवर हात टेकून हसला. कमळने स्टेअरिंगवर डोकं ठेवलं. तिचे खांदे हलायला लागले. आठ महिन्यांचा राग त्या हसण्यातून भसाभसा बाहेर पडला.

"चढ रे डॉक्टर!" तिने हाक मारली. "गेट बंद होईल."

आठला चार मिनिटं कमी असताना व्हॅन गोदामाच्या गेटवर पोचली. कमळने गरज नसताना तीनदा हॉर्न मारला.

परतताना ती मनोजला घेऊन चारही गॅरेजांवर गेली. गाडीतून न उतरता, काच खाली करून, प्रत्येकाला ती चिंधी दाखवली. "चूक माझी होती. शिव्या परत घेते," ती म्हणाली, आणि गिअर टाकता टाकता पुढे, "पण विचारलं असतंस तर सांगितलं असतं. ही शिवी परत घेत न्हाय."

रविवारी गिऱ्हाईक आलं. कमळने त्याला आणि पंढरीला गाडीत बसवलं, पूर्ण्यापर्यंत नेलं, गोदामाला वळसा घालून परत आणलं. पंपावर थांबली नाही. गाडीने कुठे खाकरूनसुद्धा दाखवलं नाही. पंढरीला सगळं आधीच कळलं होतं, मैनेच्या तोंडून कामतघरला कळायचं राहिलंय काय? तो मिशीत हसत होता.

"चिंधीवाली," तो म्हणाला.

"हा, चिंधीवाली," कमळने मान ताठ करून सांगितलं. गिऱ्हाईक खुशीत होतं, गाडी त्याला पसंत होती. कमळ त्याच्याकडे वळली. "दादा, गाडी विकायची न्हाय. पण रिकाम्या हाताने कशाला जाता? हे शेजारी बसलेत ना, यांना घेऊन जा. इंजिन जुनं हाय, आवाज जास्त करतं, पण रस्त्यात बंद पडत न्हाय."

पंढरी सगळ्यात मोठ्याने हसला. मग उतरून, कुणी न सांगता, त्याने बादली भरली आणि गाडी पुसायला घेतली. कमळ ओट्यावर चहा घेऊन बसली आणि तिथूनच ओरडली, "खाली कुठे उघडं तोंड दिसलं तर हात लावू नका हां!"