डाव्या चाकाची घूंघूं

आमच्या गाडीला घूंघूं लागली तेव्हा सगळ्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. वालूरला आमच्या गल्लीत गाडी चालवणारी बाई मी एकटी, त्यामुळे गाडीचं काही बिघडलं की गुन्हेगार शोधायला कुणाला लांब जावं लागत नाही.

वेग चाळीसच्या पुढे गेला की पुढून आवाज सुरू व्हायचा आणि उजवीकडे वळलं की वाढायचा. मी शिक्षिका. माझी शाळा अशा आडगावात आहे की तिथे यष्टी जात नाही आणि जीप मनात आलं तर जाते. गाडी माझी चैन नव्हती, नोकरीला पोचायची ती एकच खात्रीची सोय होती. नवरा म्हणाला, "तू खड्डे चुकवत नाहीस, निवडून घेतीस." सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांनी पारावर बसून जाहीर केलं, "बाईच्या हातात इस्टेरिंग दिलं की ह्येच व्हायचं." मामांनी उभा जन्म लोकांचा ट्रॅक्टर चालवला. माझ्या शेजारी मात्र ते कधी बसले नाहीत. एकाच लग्नाला निघालो तरी मी गाडीने आणि मामा यष्टीने.

शेवटी नवऱ्याने निकाल लावला. "दुरुस्त करून आण. संध्याकाळी गिऱ्हाईक बघायला यायलंय. देऊन टाकू. तू जीपनं जात जा." मी भांडले, पण आवाज खरा होता आणि चालवत तर मीच होते. सकाळी निघताना डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही राग आला.

सेलूच्या गॅरेजवर पोचले तर मामा आधीच हजर, जुन्या टायरवर मांडी घालून. "बाईमाणसाला मिस्तरी फसवतेत, म्हनून आलो," म्हणाले. यष्टीने आले होते, हे सांगायला नको.

मिस्तरी मोठा बोलका. मी गाडीतून उतरायच्या आत त्याने रोग ओळखला. "टायरचा आवाज हाय मॅडम. माझा कान कदी चुकत न्हाई." त्याने पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावले. आम्ही चक्कर मारून आलो, आवाज होता तिथेच. "मंग इंजनाचं माउंटिंग गेलं," तो तितक्याच खात्रीने म्हणाला. मी म्हटलं, "उजवीकडं वळताना डाव्या चाकावर भार येतो आणि तेव्हाच आवाज वाढतो. ते चाक उचलून तर बघा." "तेच करायलोय की," म्हणत त्याने जॅक लावला.

चाक वरून-खालून धरून हलवलं तर खडखडलं. बेअरिंग संपलं होतं. चाकाचा सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, ढिला, स्टिअरिंगचा टाय रॉड एंडही लुळा. "एकाच बाजूचं समदं कसं गेलं?" मिस्तरीला प्रश्न पडला. पान्याला लांब पाईप अडकवून, त्यावर अक्षरशः लोंबकळून त्याने मधला नट सोडवला, ब्रेकची डिस्क काढली, आणि मागच्या पत्र्याआडून काहीतरी भुरभुर खाली पडलं.

कुटार होतं ते, मळणीचा भुसा. हरभऱ्याचं. त्यात दोन-चार घाटेसुद्धा, एकात तर दाणा शाबूत. वाळक्या काड्या आत गुंडाळल्या जाऊन बेअरिंगचं रबरी सील फाटलं होतं आणि भुकटी जाऊन ग्रीसचा चिखल झाला होता.

"मॅडम, गाडी रानात चारायला सोडता का?" मिस्तरीने विचारलं. मी मामांकडे बघितलं. मामा शेजारच्या गाडीची बॅटरी फार लक्ष देऊन बघत होते.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. हरभरा निघायच्या दिवसांत मी होळीच्या सुट्टीला पाथरीला, माहेरी जायचे. तेही यष्टीने, कारण "तेवढ्या लांब तू एकटी गाडी घेऊन? नको," असं घरात ठरलेलं. माझ्या काळजीपोटी गाडी अंगणात राहायची. आणि मळणीयंत्राची पाळी येईना म्हणून मामा तिला खळ्यावर नेत असणार. पसरलेल्या हरभऱ्यावर गोल गोल, बैलांची पात फिरावी तशी. खळ्याच्या मधला खांब, म्हणजे तिवडा, नीट दिसावा म्हणून कायम उजवीकडेच वळत. सगळा भार बाहेरच्या डाव्या चाकावर.

"मामा, किती खळी केली?"

"आपलं एकच," मामा बॅटरीकडे बघत म्हणाले. जरा थांबून, "अन् भावकीचं. अन् शेजाऱ्याचं. मानूस दारात आला तर न्हाई कसं म्हनावं?"

"काका, दाना फुटला न्हाई ना?" मिस्तरीने विचारलं.

"एक न्हाई फुटला," मामा छाती काढून म्हणाले. मला इतका संताप आला होता आणि तरी मी फिसकन हसले.

जुनं बेअरिंग दाबून काढलं, नवं बसवलं, दोन्ही जॉइंट बदलले, चाकं सरळ करून घेतली. मी किल्ली लावली तर मामा उभेच. "आवाज गेला का बगावं लागंल," असं पुटपुटत ते पुढच्या सीटवर बसले. सीटबेल्ट लावला नाही, नुसता हातात धरला. मग मीच लावून दिला. चाळीस झाले, साठ झाले, उजवं वळण आलं. गाडी गप्प, मामा कान लावून बसलेले. घरी गेल्यावर नवऱ्याला काय सुनवायचं याची मी वाटभर उजळणी करत होते. चांगली झणझणीत वाक्यं जुळवली होती.

अंगणात नवरा आणि गिऱ्हाईक खुर्च्या टाकून बसलेले. मी तोंड उघडायच्या आत मामा उतरून गाडीपुढे उभे राहिले.

"गाडी इकायची न्हाई."

"बाबा, पण हिनं खिळखिळी केलीय ती," नवरा म्हणाला.

"तिनं न्हाई. म्या केली. खळ्यावर, दोन सुगी. अन् पारावर नाव हिचं घेतलं."

मी जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली, आणि खरं सांगते, त्यांची गरजच उरली नव्हती. मामा परत आले, दार उघडून माझ्या शेजारी बसले आणि या वेळी बेल्ट स्वतःच ओढायला लागले.

"सूनबाई, गाडी फिरवा," ते म्हणाले. "पारावर चला. तितं बी सांगायचं हाय."