डोळे मिटून नाचताना

आमचे सर नाच सुरू करण्याआधी सगळ्यांना डोळे मिटून बसवायचे. संथ बासरी लावायचे आणि म्हणायचे, "आता शरीराला ठरवू द्या. तुम्ही मधे येऊ नका." मुलुंडच्या आमच्या कॉलेजचा ग्रुप स्पर्धेत उतरणार होता. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्या ग्रुपमध्ये मला जागा हवी होती, पण मधे न येणं म्हणजे नक्की काय करायचं, तेच कळत नव्हतं.

एकदा शेजारची मुलगी बसल्या बसल्या डोलायला लागली. मान गरगर फिरू लागली, केस सुटले. मी चटकन उठले आणि मागून तिचे दंड घट्ट धरले. आमच्या भांडुपच्या चाळीत गौरीच्या नाचात काकूच्या अंगात येतं, तेव्हा आम्ही मुलींनी हेच करायचं असतं. मागे उभं राहायचं, डोकं भिंतीवर आपटू द्यायचं नाही.

तिने डोळे उघडले. "काय गं यार, आत्ता कुठे तंद्री लागत होती माझी."

"पडशील असं वाटलं."

"मग पडू दे ना."

सगळे हसले. सर मात्र वैतागले. "तू इथे पहारा द्यायला येतेस का? शुक्रवारी शेवटचं बघतो. नाहीतर बॅकस्टेज सांभाळ."

घरी काकूला विचारलं, अंगात येतं तेव्हा नेमकं होतं तरी काय? ती बांगडे साफ करत होती. "माका काय इचारतंस गो? माका कायव आठवत नाय."

शुक्रवारी पुन्हा तीच बासरी. पायाला मुंग्या आलेल्या, पंखा कुरकुरत होता. डोळे मिटूनच नाच सुरू झाला, तरी मी डोक्यात पुढची स्टेपच शोधत होते. सरांचा राग आला, बासरीचा आला, स्वतःचा तर फारच आला. शेवटी इतका वैताग आला की पुढचा विचारच करवेना.

डोळे उघडले तेव्हा संगीत बंद झालेलं होतं. बाकीचे भिंतीला टेकून पाणी पीत माझ्याकडे बघत होते. माझे तळहात लाल झाले होते.

"तू ग्रुपमध्ये," सर हळूच म्हणाले. "स्टेजवर असंच हवंय."

"पण मी काय केलं, सर?"

"ते विचारू नकोस. विचारलंस की गेलं."

फोन त्यांनी आधीच बंद करायला लावले होते, त्यामुळे व्हिडिओही नव्हता. जागा मिळाली एकदाची. आणि स्टेजवर जे करायचं होतं, ते त्या खोलीत माझ्याशिवाय सगळ्यांनी पाहिलं होतं.