कमी हवेचा चेंडू

आदेमार बुर्गेन्यो पायसान्दू शहराहून आमच्या गावच्या शाळेत खेळाचे शिक्षक म्हणून आले, तेव्हा त्यांची चाल पाहून मुलांनी पहिल्याच दिवशी ओळखलं, की हा माणूस कधीकाळी गोलकीपर असणार. ते खरं होतं. लहानपणी जाडे होते म्हणून त्यांना गोलमध्ये उभं केलं, आणि मग तिथून कुणी बाहेर काढलंच नाही. उभ्या उभ्या इतरांचे पाय बघायची सवय तिथेच लागली, असं ते सांगतात. पुढे दुय्यम दर्जाच्या एका संघात थोडे दिवस, मग गुडघा गेला, मग खेळशिक्षकाची पदवी. राहायला टायरवाल्याच्या मागची खोली, काखेत यर्बाच्या कडू चहाचा थर्मास. मूल बोलायला लागलं की ते हातातलं काम थांबवून ऐकतात. आमच्या गावात मुलांचं इतकं कुणी ऐकून घेत नाही.

माझी मुलगी मायते तेव्हा दहा वर्षांची होती. त्या एप्रिलमध्ये चेंडू तिच्या तोंडावर बसला आणि पुढचा दात हलला. त्यानंतर फुटबॉलच्या तासाला ती भिंतीशी बसायची. ती काही एकटी नव्हती. एक चेंडू आणि वर्गभर मुलं. सहासात जण खेळणार, बाकीचे भिंत धरणार. मी दात, डोळे, मनगटं यांची काळजी करणारी बाई आहे. ती भिंतीशी आहे म्हटलं की माझा दिवस शांत जायचा. तिचा जात नव्हता. घरी मोज्यांचा गोळा करून ती अंगणात एकटीच लाथाडत बसायची.

प्रोफेंनी (शाळेत त्यांना सगळे प्रोफेच म्हणतात) दोन आठवडे नुसतं पाहिलं. प्रत्येकाला एकेकट्याला विचारलं, "चेंडू तुझ्याकडे आला की तुला काय होतं?" मग वर्गाचे तीन गट केले. ज्यांना चेंडूची भीती वाटते, त्यांना हवा कमी असलेला मऊ चेंडू. तो फक्त तळव्याखाली थांबवायचा. ज्यांना चेंडू थांबवता येतो पण मान वर होत नाही, त्यांनी चेंडू पुढे नेता नेता प्रोफेंनी किती बोटं दाखवली ते सांगायचं. आणि ज्यांना सगळं येतं, त्यांनी फक्त नावडत्या पायानं खेळायचं. गट ओळखता यावेत म्हणून शिक्षण खात्याकडून आलेल्या रंगीत बंड्या वाटल्या. भित्र्यांना लाल, मधल्यांना हिरव्या, तरबेजांना पांढऱ्या.

त्या दिवशी मायते जेवताना म्हणाली, "आई, तो माझ्या पायाखाली थांबला. आणि तिथेच राहिला."

बाहेरून आलेल्या माणसाला आमचे रंग कुठून माहीत असणार? स्टेशनाकडचा क्लब हिरवा, मांसकारखान्याकडचा लाल. कारखाना केव्हाच बंद पडला, गाडीही येत नाही, पण रंग जागच्या जागी आहेत. माझे सासरे एलादियो स्टेशन क्लबचं मैदान आखतात, चेंडू सांभाळतात. त्यांच्या घरात गॅसची टाकीसुद्धा हिरवी रंगवलेली आहे.

"माझी नात लाल घालणार नाही," ते म्हणाले.

"आजोबा, हिरव्या गटात पळताना वर बघावं लागतं. मला नाही जमत. मी पडेन."

"हिरव्यात पड. चालेल."

"बाबा, अहो, दहा वर्षांची पोर आहे," मी म्हटलं.

"विल्मार दहाचा होता तेव्हाही मी हेच सांगायचो," सासरे म्हणाले. विल्मार, माझा नवरा, ताटातून मान वर न काढता म्हणाला, "आणि मी पडलोच की."

तिकडे कारखान्याकडची माणसंही पेटली होती. भित्र्यांनाच लाल का? त्यांची पोरं हिरवं घालायला तयार नव्हती. शुक्रवारपर्यंत निम्म्या वर्गाच्या पोटात दुखायला लागलं. मुख्याध्यापिका निल्दाबाईंनी प्रोफेंना बोलावून सांगितलं, "पुढच्या महिन्यात तपासनीस बाई येतायत. मुलं भिंतीशी बसलेली दिसली, तर हा तास गणिताला जाईल. मला थांबवता येणार नाही." आणि तंटा मिटावा म्हणून त्यांनी ज्याला जो रंग हवा तो देऊन टाकला; रंगाबरोबर त्या गटाचं कामही आलं.

मायते हिरव्यात गेली. टणक चेंडू आला, तिनं डोळे मिटले, तो खांद्याला लागून उडाला. पुढच्या तासाला ती पुन्हा भिंतीशी. अंगणातला मोज्यांचा गोळाही बंद झाला. त्या गोष्टीनं मला दातापेक्षा जास्त घोर लावला.

मी शाळेत गेले. प्रोफे जाळी शिवत होते. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी भीतीला रंग दिला. ती अंगावर घालून मिरवायची वस्तू नाही."

पुढच्या सोमवारपासून ज्याला जो घालायचा तो रंग घालू दिला. बदलला तो चेंडू. प्रत्येक रंगाच्या जोडीला इकडून तिकडून जमवलेले तीन चेंडू: मऊ, मध्यम, आणि एक छोटा टणक. काम प्रत्येकाच्या कानात सांगायचं. लांबून पाहिलं तर एकच वर्ग खेळतोय असं दिसायचं. मायते हिरवी बंडी घालून मऊ चेंडूवर परत आली. तीन आठवड्यांत तिचे डोळे उघडे राहू लागले.

तपासणीच्या सकाळी सासरे नातीला पोहोचवायला आले. मैदानाच्या कडेला चेंडूंची जाळी होती. त्यांनी एक दाबून पाहिला, मान हलवली, घरी जाऊन पंप आणला आणि झाडून सगळ्या चेंडूंत ते दगडासारखे होईपर्यंत हवा भरली. मी पोहोचले तेव्हा ते घाम पुसत होते.

"सरकारी माणसापुढे असले लिबलिबीत चेंडू? गावाची लाज गेली असती."

तपासनीस बाई फाटकातून आत येत होत्या. मायते चेंडू हातात घेऊन उभी होती आणि तिची पावलं भिंतीकडे वळलेली मला दिसली.

प्रोफेंनी खिशातून चेंडूची हवा सोडायची सुई काढली आणि जमिनीवर मांडी घातली.

"एलादियो काका, पंप छान आहे तुमचा. मायते, इकडे ये. मी हवा सोडतो, तू दाबत राहा. तुला हवा तेवढा झाला की सांग."

"हे काय, तुम्ही चेंडू रिकामे करताय?" तपासनीस बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या अहवालात तीन गट आहेत. मला तर एकही दिसत नाही."

"आहेत बाई. दिसणार नाहीत असे केलेत."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. भिंतीशी कुणीही नव्हतं, हेही त्यांनी वळून पाहिलं. खेळाचा तास टिकला. शेऱ्यात मात्र 'गटरचना अस्पष्ट' असं आलं. प्रोफे ते हसून सांगतात, पण त्यांना ते लागलं असावं.

पण ते नंतरचं. त्या सकाळी सुईतून हवा सूं सूं करत होती. सासरे वाकून बघत होते. मायते अंगठे रोवून चेंडू दाबत होती. नेहमीचा मऊपणा यायला अजून बराच वेळ होता, हे मला उभ्या जागेवरून कळत होतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात ती म्हणाली, "बस, प्रोफे. एवढा पुरे."