रडकं लोखंड

"ह्ये रडकं हाय, बाबा. परत ने," असं म्हणून मामी लोखंडाचा तुकडा भंगारवाल्याच्या हातगाडीवर ढकलून द्यायची. त्याआधी तिने तो हातोडीने वाजवून, पदर मागे सारून, कान लावून ऐकलेला असायचा.

रबाळ्याला रस्त्याच्या कडेला तिची आणि तिच्या नवऱ्याची, मामाची, लोहारकामाची भट्टी होती. माणसं मूळची साताऱ्याकडची. मामा भंगार गाडीचा तापलेला लोखंडी पाटा सांडशीत धरायचा आणि मामी घण मारायची. सीवूड्सच्या बाजारात मासळी विकणाऱ्या आम्ही बायका कोयता तिच्याकडूनच घ्यायचो. तुम्ही कधी बाईला घण मारताना पाहिलं असेल, तर तिच्याशी घासाघीस करायची हिंमत होत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल.

तिच्या लेखी लोखंडाला स्वभाव होता. जुन्या बोटीचं मायाळू, रुळाचं हट्टी. ज्या गाडीखाली माणूस गेलं तिचं लोखंड रडकं. त्याचा कोयता ज्या घरात गेला, तिथलं माणूस जायचं.

"मामी, माजा घोव कंचा लोखंड?" मी एकदा विचारलं.

"बिडाचा हाय. ठोकाया जाशील तर फुटंल."

दोघी खूप हसलो होतो.

मग मामा गेला. रस्ता ओलांडताना टेम्पोने उडवलं. दिवसकार्य उरकलं आणि मामी हातोडी घेऊन थेट बाजारात आली. नारळी पुनवेच्या आधीच्या घाईत एक पाटा तिने न वाजवताच भट्टीत घातला होता, आणि त्याचा कोयता कुणाकडे गेला ते तिला ठाऊक नव्हतं.

"त्यो रडका व्हता गं. घडवणाऱ्याचं घर पयलं खाल्लं. आता ज्येच्याकडं कोयता हाय, त्येचं खाईल."

आमचे कोयते मागून घेऊन ती एकेक वाजवू लागली. "ह्यो न्हवं." मग दुसरे बाजार, गल्ल्या, ओळखीची घरं. भट्टी विझली ती विझलीच. समोर बसून भरवलं तरच दोन घास खायची. समजावून आम्ही थकलो. तिच्याकडे बघवत नव्हतं, खरंच.

शेवटी आम्ही ठरवलं. भंगारातला एक जुना कोयता शोधला आणि तोच म्हणून तिला नेऊन द्यायचं काम माझ्यावर आलं.

"मामी, यो बग, गावला तुजा कोयता. एकीच्या माळ्यावर परला व्हता. तिचे घरान समदी बरी हान."

तिने कोयता घेतला आणि बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"ह्योच त्यो," ती म्हणाली. "आता निवांत ऱ्हावा बायांनो. लई पळवलं तुमास्नी."

त्यानंतर भाऊ येऊन तिला गावी घेऊन गेला. यंदा ती गेल्याचा निरोप आला. बाजारात सगळ्याजणी रडल्या. निदान कोयता मिळाल्याचं समाधान घेऊन तरी गेली, असं एकमेकींना म्हणाल्या.

पण मी कोयता नेऊन दिला त्या दिवशी हातोडी तिच्या हाताशीच पडलेली होती, आणि तिने तो कोयता वाजवून पाहिला नव्हता.